पत्रांचा फेरा आणि त्याचा बंदोबस्त

ज्या पत्त्यावर पत्र धाडले तेथे तो इसम सापडला नाही, तर त्या पत्राचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न टपालखात्याइतकाच जुना आहे. आणि त्याचे उत्तरही त्या खात्याने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. पत्र पाठवणाराकडे परत जाते. पाठवणाराचाही ठावठिकाणा लागत नसेल, तर पूर्वी ज्यास ‘डेड लेटर ऑफिस’ आणि पुढे ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ म्हणत त्या कचेरीत ते रवाना होते. तेथे अधिकार दिलेल्या कारकुनाच्या हातून ते उघडले जाते, आत पत्ता मिळाला तर मूळ मालकास पोचते, न मिळाला तर मुदत भरताच त्याची विल्हेवाट लागते. वाटेत ज्या ज्या डाकघरातून ते गेले तेथील शिक्का त्याच्या पाठीवर उमटलेला असतो, त्यामुळे ते कोठे कोठे भटकले हे कोणासही वाचता येते. या व्यवस्थेत प्रत्येक पत्राच्या प्रवासाला शेवट नेमून दिलेला आहे. संगणकांचा पत्रव्यवहार ज्यांनी उभारला त्यांनाही असाच शेवट नेमावा लागला. परंतु तो नेमून, सर्वांच्या गळी उतरवून, अंमलात आणण्यास १९७५ पासून २००४ पर्यंतचा काळ खर्ची पडला, आणि मधल्या काळात असंख्य पत्रे जन्मास येऊन कोणीही न वाचता यंत्रायंत्रांत फिरत राहिली.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने आर्पानेट या संशोधनजालावरील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस पत्र धाडण्याची सोय केली आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह बसवले. चार वर्षांनी, जून १९७५ मध्ये, याच जालावर ‘एमएसजीग्रुप’ नावाची यादी सुरू झाली. एका पत्त्यावर पत्र पाठवावे आणि यादीतील सर्व सभासदांना त्याची प्रत मिळावी, ही आज अगदी साधी वाटणारी कल्पना तेव्हा नवी होती, आणि तिचा कारभार आइनर स्टेफरुड हे गृहस्थ पाहत असत. आरंभीच्या काळात आलेले पत्र वाचून पुढे पाठवण्याचे काम ते स्वहस्ते करीत. या साध्या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढे ध्यानात आले: मध्यभागी वाचणारा माणूस बसला असेल, तर निरर्थक पत्र त्याच्यापाशी येऊन थांबते. याद्या वाढल्या, सभासद वाढले, आणि हे काम यंत्राकडे सोपवणे भाग पडले, तेव्हा तो थांबा नाहीसा झाला.

यंत्राकडे सोपवलेल्या यादीत फेरा कसा सुरू होतो, हे उदाहरणाने सांगितले पाहिजे. समजा, रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थाने आपल्या विस्तीर्ण आप्तमंडळींसाठी पन्नास जणांची यादी चालू केली आहे. काही सभासद नागपुरात आहेत, काही बिलासपुरात, काही पुण्यात, आणि दोघेतिघे अमेरिकेत. पुण्यातील भाचा महिनाभर कोकणात जातो आणि जाताना आपल्या संगणकास हुकूम देऊन ठेवतो की, जे कोणी पत्र धाडील त्यास ‘मी रजेवर आहे’ असे उत्तर द्यावे. शंकर नगरातून लग्नाचे आमंत्रण यादीवर जाते. त्याची प्रत पुण्यास पोचते. पुण्याचे यंत्र हुकमाची तामिली म्हणून रजेचे उत्तर लिहिते, आणि आलेल्या पत्रावर उत्तराचा पत्ता म्हणून यादीचाच पत्ता लिहिलेला असल्याने ते उत्तर यादीवर धाडते. यादीचे यंत्र, आलेले पत्र पन्नास जणांस वाटणे हे आपले कर्तव्य जाणून, ते वाटते. त्यांतील एक प्रत पुन्हा पुण्यास जाते. आणि पुण्याचे यंत्र पुन्हा तत्परतेने उत्तर देते. येथे कोणीही आगळीक केलेली नाही, कोणाचाही हेतू वाईट नाही. दोन आज्ञाधारक सेवक एकमेकांच्या समोर उभे असून, समोरचाही सेवकच आहे हे दोघांपैकी एकासही ठाऊक नाही, एवढेच काय ते घडले आहे.

एक यंत्र रजेवर असेल तर हा फेरा सरळ रेषेत चालतो. तीन सभासद रजेवर असतील आणि प्रत्येकाचे यंत्र इतर दोघांच्या उत्तरास उत्तर देत असेल, तर पहिल्या आमंत्रणास तीन उत्तरे येतात, त्या तिहींस सहा, सहांस बारा, आणि दहाव्या पिढीत १५३६ पत्रे यादीवर येऊन पडतात. त्या प्रत्येकाच्या पन्नास प्रती निघावयाच्या असल्याने त्या एका पिढीतच ७६,८०० पत्रे वाटावी लागतात. मनुष्याने हाताने हे केले असते तर कित्येक वर्षे गेली असती. यंत्रास एक रात्र पुरते.

दुसरा प्रकार परतपत्रांचा. एखाद्या सभासदाचा पत्ता रद्द झालेला असतो, किंवा त्याची पेटी भरलेली असते. त्याचे सर्व्हर ‘पत्र पोचवता आले नाही’ असे कळवणारे परतपत्र, ज्यास या कामातले लोक ‘बाऊन्स’ म्हणतात, यादीकडे पाठवते. यादी ते सर्वांस वाटते, म्हणजे त्या मृत पत्त्यावरही पुन्हा धाडते. आणि तेथून पुन्हा परतपत्र निघते. या प्रकारात आणखी एक उपद्रव असे. पुष्कळ सर्व्हर परतपत्रात मूळ पत्राची संपूर्ण नक्कल जोडीत, त्यामुळे प्रत्येक फेरीत पत्राच्या पोटात आधीचे पत्र, त्याच्या पोटात त्याच्या आधीचे, असा साठा होत जाऊन पत्राचे आकारमानही वाढत जाई. तिसरा प्रकार पुढे-पाठवणीचा: पुण्याची नोकरी सोडून परदेशी गेलेला मनुष्य जुन्या पत्त्यावरील पत्रे नव्या पत्त्याकडे वळवतो, वर्षाने परत येताना नव्या पत्त्यावरील पत्रे जुन्याकडे वळवतो, आणि पहिली वळवणी काढावयास विसरतो.

या दुखण्याची जाण आरंभीच्या धुरीणांना नव्हती असे नाही. तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी’ या जालाच्या नियमपत्रांच्या मालिकेत दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले, ज्यांवर आजचा सारा ई-मेल उभा आहे: जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला आरएफसी ८२१, ज्यात दोन यंत्रांनी पत्राची देवघेव कशी करावी हे सांगितले आहे, आणि डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२, ज्यात खुद्द पत्राच्या मांडणीचे नियम आहेत. पहिल्यात पत्राच्या लिफाफ्यावरील परतपत्ता हा पत्राच्या आत लिहिलेल्या ‘फ्रॉम’हून स्वतंत्र मानला आहे, आणि परतपत्र धाडताना हा लिफाफ्यावरचा परतपत्ता कोरा ठेवावा, म्हणजे त्या परतपत्रास पुन्हा परतपत्र निघणार नाही, अशी तजवीज सुचवली आहे, परतपत्राच्या अडचणीबद्दल आणखी परतपत्र पाठवू नये, हेही तेथे स्पष्ट शब्दांत बजावले आहे. दुसऱ्यात ‘रिसीव्हड’ नावाच्या ओळीची व्यवस्था आहे: पत्र ज्या ज्या यंत्राच्या हातून जाईल त्याने आपले नाव व वेळ पत्राच्या माथ्यावर नोंदवावी. म्हणजे कोरा परतपत्ता आणि डाकघरांचे शिक्के, ही दोन्ही साधने १९८२ सालीच हाती होती. असे असता पुढील वीस वर्षे फेरे का चालू राहिले, याचे उत्तर नियमांत शोधून सापडत नाही. ते त्या काळच्या जालांच्या परिस्थितीत शोधावे लागते.

तेव्हा एकच इंटरनेट नव्हते. विद्यापीठांचे बिटनेट १९८१ साली आयरा फुक्स आणि ग्रेडन फ्रीमन यांनी सुरू केले होते. बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी रचलेली यूयूसीपी ही पद्धत साध्या दूरध्वनीवरून रात्री-बेरात्री एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पत्रांचे गठ्ठे पोचवीत असे. बड्या कंपन्यांच्या अंतर्गत व्यवस्था आणखी निराळ्या होत्या. एका जालातून दुसऱ्यात पत्र जाताना वेशीवरच्या यंत्रास त्याचा पोशाख बदलावा लागे, आणि या बदलाबदलीत लिफाफा व पत्र यांतील भेद अनेकदा पुसला जाई. जेथे लिफाफाच नाही तेथे परतपत्र कोणाकडे पाठवावे? मग ते ‘फ्रॉम’ ओळीतल्या लेखकाकडे जाई, ‘रिप्लाय-टू’ मधल्या यादीकडे जाई, क्वचित ‘टू’ मध्ये लिहिलेल्या पत्त्याकडेही जाई. नियम एका जालाचा, पत्र दुसऱ्या जालातले, आणि वेशीवरचे यंत्र तिसऱ्याच्या मालकीचे, अशा त्या काळात नियमाची जरब किती बसणार?

याच सुमारास चालू झालेल्या यूजनेट या सार्वजनिक चर्चाजालाचे उदाहरण तुलनेसाठी बोधप्रद आहे. १९७९ च्या अखेरीस टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या मनात आलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक लेख आपल्या ‘पाथ’ ओळीत वाटेतील सर्व यंत्रांची नावे वाहून नेई, आणि ज्या यंत्राचे नाव त्या ओळीत आधीच आले असेल त्यास तो लेख पुन्हा दिला जात नसे; शिवाय प्रत्येक लेखास स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याने एकदा पाहिलेला लेख दुसऱ्यांदा स्वीकारला जात नसे. यूजनेटच्या रचनाकारांना लेख अनेक वाटांनी येणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, म्हणून त्यांनी स्मरणाची व्यवस्था पायातच घातली. ई-मेलचे रचनाकार पत्र एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते, असे धरून चालले. याद्या नंतर आल्या. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ या एका गृहीतकात आहे.

भारतात ही कथा १९८६ साली येऊन मिळते. त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अर्थसाहाय्याने अर्नेट ही शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारी योजना हाती घेतली. तीत स्वतः तो विभाग, पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहू येथे असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, अशा आठ संस्था सामील होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रामानी यांचा या कामातील वाटा एवढा मोठा की, २०१४ साली त्यांचे नाव इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाले. पहिली पत्रे १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या दूरध्वनीवरून, यूयूसीपी पद्धतीने गेली. १९८९ साली ‘.इन’ हे भारताचे क्षेत्रनाम नोंदले गेले आणि त्याचा कारभारही एनसीएसटीकडेच आला. शक्ती आणि साथी ही जुहूच्या यंत्रांची नावे, विज्ञान हे बंगलोरच्या यंत्राचे नाव. परदेशी विद्यापीठांतील कित्येक मराठी विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहारात ही नावे पत्त्याचा भाग म्हणून वर्षानुवर्षे लिहिली गेली. पुण्यात जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आयुका या संस्थेचे पत्तेही ‘अर्नेट डॉट इन’ नेच संपत.

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये अर्नेटची पहिली भाड्याची तार कार्यान्वित झाली. तिची क्षमता दर सेकंदास ९६०० बिट, म्हणजे फार तर १२०० अक्षरे होती. १९९२ पर्यंत उरलेल्या संस्थाही अशाच तारांनी जोडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे यूयूनेटकडे जाणारी ६४ किलोबिटांची वाट उघडली. त्या आकड्यांकडे फेऱ्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते. चार हजार अक्षरांचे एक पत्र त्या तारेतून जाण्यास सव्वातीन सेकंदांहून अधिक लागत. पलीकडच्या बाजूस पन्नास सभासद असतील आणि प्रत्येकाची प्रत वेगळी जात असेल, तर एका फेरीस पावणेतीन मिनिटे. दहा फेऱ्या झाल्या की सुमारे अर्धा तास दोन महानगरांमधील सारा विद्वज्जनांचा पत्रव्यवहार खोळंबून राहावयाचा. धनाढ्य देशातील प्रशासकास जो फेरा निव्वळ त्रास होता, तो अशा तारेवर प्रबंध, परीक्षणे आणि प्रवेशपत्रे यांच्या वाटेतला अडथळा झाला असता. म्हणून एकाच यंत्राकडे एकच प्रत न्यावी व तेथे तिचे वाटप करावे, रात्रीच्या वेळी गठ्ठे पाठवावे, यादीवर कोणाचे नाव आहे याची वेळोवेळी रुजवात घ्यावी, या काटकसरीच्या शिरस्त्यांना अशा अरुंद वाटांवर फार मोल होते.

रायपूर त्या वेळी मध्य प्रदेशातील एक जिल्ह्याचे ठिकाण होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे निकनेट हे उपग्रहाच्या साहाय्याने चालणारे जाल देशातील बहुतेक जिल्हा मुख्यालयांत पोचले होते. परंतु ते सरकारी कामाकरता होते. सामान्य नागरिकास इंटरनेट खुले झाले ते विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सेवा सुरू केल्यावर. मध्य भारतातील शहरांपर्यंत ती यावयास आणखी काही वर्षे गेली, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात येऊन रायपूर राजधानी झाले, त्या काळातच येथील मध्यमवर्गीय घरांतून ई-मेलचे पत्ते रूढ होऊ लागले. म्हणजे फेऱ्याविरुद्धच्या लढ्याचा मोठा भाग रायपूरकर त्यात येण्यापूर्वीच लढला गेला होता, आणि शंकर नगरातील आपल्या कल्पित गृहस्थास त्याचे फळ आयते मिळाले.

तो भाग कसा लढला गेला, ते आता पाहू. १९८६ साली पॅरिसमधील एका अभियांत्रिकी विद्यालयात शिकणाऱ्या एरिक थॉमस या तरुणाने बिटनेटवरील जुन्या, अर्ध्यामुर्ध्या यादी-व्यवस्थेच्या जागी लिस्टसर्व्ह हा कार्यक्रम नव्याने लिहिला. सभासदाने स्वतःच पत्र पाठवून नाव दाखल करावे वा काढावे, चालकास प्रत्येक गोष्टीत हात घालावा लागू नये, ही त्याची मुख्य देणगी. परंतु वाटण्यापूर्वी पत्राची तपासणी करून ते परतपत्रासारखे किंवा पूर्वी पाहिलेल्या पत्रासारखे दिसत असेल तर यादीवर न धाडता चालकाकडे वळवणे, ही दृष्टीही या कुळातील कार्यक्रमांनीच रूढ केली. स्टेफरुड यांच्या वेळी मध्यभागी बसलेला माणूस अशा रीतीने पुन्हा आत आणला गेला. फक्त संशयास्पद पत्रांपुरता.

ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेला आरएफसी ११२३ प्रसिद्ध झाला, आणि जे १९८२ साली बव्हंशी सूचनेच्या स्वरूपात होते त्यास हुकमाचे स्वरूप आले. पोचवता न आलेल्या पत्राची खबर देणारे परतपत्र कोऱ्या परतपत्त्यानेच निघाले पाहिजे. आणि यादीने पत्र वाटताना लिफाफ्यावरील परतपत्ता बदलून तेथे यादीच्या चालकाचा पत्ता घातला पाहिजे, पत्राच्या माथ्यावरील ओळी, विशेषतः ‘फ्रॉम’, मात्र जशाच्या तशा ठेवल्या पाहिजेत. या दुसऱ्या नियमाने केवढी उलथापालथ केली! तोवर मृत पत्त्यांची परतपत्रे मूळ लेखकाच्या किंवा यादीच्या माथी पडत होती. आता ती ज्याच्याजवळ सभासदांची बारनिशी आहे आणि ज्यास नाव काढून टाकण्याचा अधिकार आहे, त्या एका माणसाकडे जाऊ लागली. कारभाराच्या दृष्टीने पाहता, तक्रार तिचे निवारण करू शकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच पोचावी, हे तत्त्व त्यात आहे. १९९२ साली ब्रेंट चॅपमन यांनी लिहिलेला मेजरडोमो हा यादी-कार्यक्रम याच शिरस्त्यास धरून चालला आणि युनिक्स यंत्रांवर त्याचा फार प्रसार झाला.

परतपत्रांचा बंदोबस्त असा झाला, तरी रजेच्या उत्तरांचा प्रश्न उरलाच. कारण रजेचे उत्तर देणारे यंत्र परतपत्र पाठवीत नाही, ते आपल्या मालकाच्या नावाने साधे पत्र लिहिते. येथे एरिक ऑलमन यांचे स्मरण करणे उचित होईल. बर्कली विद्यापीठातील याच माणसाने सेंडमेल हा दीर्घकाळ जगातील बहुसंख्य पत्रांची ने-आण करणारा कार्यक्रम लिहिला, आणि ‘व्हेकेशन’ हा रजेचे उत्तर देणारा छोटासा कार्यक्रमही त्यांचाच. त्या छोट्या कार्यक्रमात जे तीन संकेत पाळलेले आहेत, त्यांत फेरा टाळण्याचे जवळजवळ सारे शहाणपण आले. एक, ज्यास एकदा उत्तर दिले त्याचे नाव लिहून ठेवावयाचे आणि आठवडा उलटेपर्यंत त्यास पुन्हा उत्तर द्यावयाचे नाही. दुसरे, पत्राच्या ‘टू’ वा ‘सीसी’ मध्ये मालकाचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते यादीवरून आले असे समजून स्वस्थ बसावयाचे. तिसरे, पत्राच्या माथ्यावर ‘प्रेसिडेन्स: बल्क’ किंवा ‘जंक’ अशी नोंद असेल, तर उत्तर द्यावयाचेच नाही. ही ‘प्रेसिडेन्स’ची नोंद कोणत्याही अधिकृत नियमात कधी बसली नाही, तरी याद्यांचे चालक ती घालीत राहिले आणि उत्तरे देणारी सुजाण यंत्रे ती मानीत राहिली. सेंडमेलने शिक्क्यांचाही उपयोग केला: माथ्यावर २५ हून अधिक ‘रिसीव्हड’ ओळी जमल्या की पत्र फेऱ्यात सापडले असे मानून पुढे न नेणे, हा त्याचा परिपाठ झाला. पुढे २००१ च्या आरएफसी २८२१ मध्ये ही मर्यादा फार तोकडी ठेवू नये, साधारणतः निदान शंभर असावी, असे सांगितले गेले. कारण काही सरळमार्गी पत्रांनाही पुष्कळ यंत्रांतून जावे लागते.

ही मर्यादा मात्र यादीच्या फेऱ्यात अनेकदा निरुपयोगी ठरे. रजेचे उत्तर हे नवे पत्र असते. त्याच्या माथ्यावर जुन्या पत्राचे शिक्के नसतात, आणि म्हणून प्रत्येक फेरीत मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते. ही त्रुटी भरून काढण्यासाठी प्रॉकमेल या पत्रे निवडणाऱ्या कार्यक्रमाचे जनक स्टीफन व्हान डेन बर्ग यांनी प्रचारात आणलेली ‘एक्स-लूप’ ही ओळ कामास आली. यंत्राने स्वतः लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर आपल्या पत्त्याची खूण करावी, आणि येणाऱ्या पत्रावर आपलीच खूण आढळली तर त्यास उत्तर देऊ नये. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेल या पत्रवाहक कार्यक्रमाने ‘डिलिव्हर्ड-टू’ या ओळीने, आणि जॉन व्हिएगा यांनी सुरू केलेल्या मेलमन या यादी-कार्यक्रमाने ‘एक्स-बीनदेअर’ या ओळीने, परत फिरून येणारे पत्र ओळखण्यासाठी अशीच खूण केली. बर्नस्टाइन यांनी १९९७ साली आणखी एक युक्ती मांडली: यादीने प्रत्येक सभासदास धाडावयाच्या प्रतीचा परतपत्ता त्या सभासदाचे नाव गुंफून वेगवेगळा तयार करावा, म्हणजे परतपत्र कितीही विचित्र भाषेत लिहिलेले असले, तरी ते कोणत्या मृत पत्त्यामुळे आले हे केवळ ते ज्या पत्त्यावर आले त्यावरून कळेल. वळवणीच्या साखळीत खरा दोषी पत्ता शोधण्यासाठी चालकांना जे तासन्तास खर्चावे लागत, ते या युक्तीने वाचले.

त्याच १९९७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीत जे घडले, ते यंत्रांपेक्षा माणसांबद्दल अधिक सांगते. ‘बेडलॅम डीएल३’ नावाच्या एका अंतर्गत यादीत कंपनीच्या सुमारे १३,००० लोकांची नावे होती, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण तीत आहोत हे ठाऊक नव्हते. कोणी एकाने आपले नाव काढून टाकण्याची विनंती सर्वांस केली. शेकडो लोकांनी ‘माझेही’ म्हणून सर्वांस लिहिले. आणखी कित्येकांनी ‘सर्वांस उत्तर देणे थांबवा’ असे सर्वांसच लिहिले. त्या कंपनीतील लॅरी ऑस्टरमन यांनी पुढे लिहिलेल्या हकीकतीप्रमाणे सुमारे तासाभरात दीड कोटी पत्रे आणि १९५ अब्ज अक्षरे एवढा भार व्यवस्थेवर पडला. येथे मध्यभागी माणसे होती, तरी फेरा झाला. कारण प्रत्येकजण फक्त आपल्यापुरती कृती करीत होता आणि त्या कृतीच्या तेरा हजार प्रती निघतात हे त्यास दिसत नव्हते.

फेरा चालू असताना प्रशासकाने काय करावे, याचाही एक क्रम अनुभवाने ठरला आहे, आणि तो आपल्या शंकर नगरातील गृहस्थास लावून पाहण्याजोगा आहे. सकाळी उठून पाहतो तो यादीवर शेकडो पत्रे. अशा वेळी पहिला मोह दोषी सभासदास पत्र लिहिण्याचा होतो, आणि तो आवरला पाहिजे, कारण त्याचे यंत्र त्यासही उत्तर देईल. प्रथम यादी थांबवावयाची, म्हणजे येणारे प्रत्येक पत्र वाटण्याऐवजी चालकाच्या संमतीसाठी अडवून ठेवावयाचे. त्याने वाढ थांबते, पण पुरावा नष्ट होत नाही. मग अडवलेल्या पत्रांपैकी दोन लागोपाठची घेऊन त्यांच्या माथ्यावरच्या साऱ्या ओळी, म्हणजे पूर्ण हेडरे, उघडावयाची आणि ‘रिसीव्हड’ ओळी खालून वर, म्हणजे जन्मापासून आजवर, वाचावयाच्या: तेच यंत्र पुन्हा पुन्हा येत असेल तर वळवणीचा फेरा, प्रत्येक वेळी शिक्के नव्याने सुरू होत असतील तर कोणीतरी नवे पत्र लिहीत आहे. ‘रिटर्न-पाथ’, म्हणजे लिफाफ्यावरचा परतपत्ता, कोरा असेल तर ते बहुधा परतपत्र. कोणाचा पत्ता असेल तर ते बहुधा रजेचे उत्तर. सर्वांत खालच्या ओळीतील यंत्र आणि सर्व्हरच्या नोंदवहीतील वेळ यांची रुजवात घातली की दोन टोकांपैकी एक हाती लागते. फेरा तोडण्यास एकच टोक पुरते: त्या सभासदाची पाठवणी तात्पुरती बंद करावयाची, रांगेत तुंबलेली पत्रे काढून टाकावयाची, आणि मगच यादी पुन्हा उघडावयाची. उत्तराचा पत्ता म्हणून यादीचाच पत्ता सक्तीने लिहिण्याची सोय चालकांना मोहक वाटते, कारण चर्चा सर्वांसमोर राहते. परंतु रजेची उत्तरे यादीवर ओढून आणणारी तीच असते, आणि ती बंद ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २००४ मध्ये कीथ मूर यांच्या आरएफसी ३८३४ ने स्वयंचलित उत्तरांचे सारे शिष्टाचार एकत्र केले. यंत्राने लिहिलेल्या पत्रावर ‘ऑटो-सबमिटेड’ ही नोंद असावी. अशी नोंद असलेल्या पत्रास यंत्राने उत्तर देऊ नये. उत्तर द्यावयाचेच तर ते लिफाफ्यावरील परतपत्त्यास द्यावे, आणि तो कोरा असेल तर मुळीच देऊ नये. १९८२ चा कोरा परतपत्ता, बर्कलीचे संकेत आणि ‘एक्स-लूप’ची खूण, या सर्वांचा वारसा त्या दस्तऐवजात एकवटलेला दिसतो. दरम्यान याद्या चालवण्याचे काम सामान्य माणसाच्या हातून मोठ्या सेवांकडे गेले होते; २००० साली याहूने ईग्रुप्स विकत घेतल्यावर परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या आणि मंडळांच्या कित्येक याद्या याहू ग्रुप्सवर वसल्या, आणि त्या सेवेने परतपत्रे मोजून मृत पत्ते आपोआप बाजूस काढण्याची व्यवस्था चालकांच्या डोळ्यांआड चालवली.

ही घडी एप्रिल २०१४ मध्ये अनपेक्षित रीतीने विसकटली. खोट्या नावाने येणाऱ्या पत्रांना आळा घालण्यासाठी याहूने जगास असे जाहीर केले की, ज्या पत्राच्या ‘फ्रॉम’ मध्ये याहूचा पत्ता आहे पण जे याहूच्या यंत्राकडून किंवा त्याच्या शाबूत संगणकीय सहीनिशी आलेले नाही, ते सर्वांनी नाकारावे. यादीवरून वाटले गेलेले पत्र नेमके असेच असते: लेखक याहूचा, वाटणारे यंत्र दुसऱ्याचे, आणि यादीने विषयात वा शेवटी चार शब्द जोडल्यामुळे सही मोडलेली. याहूच्या एका सभासदाने यादीवर पत्र लिहिले की इतर अनेकांची सर्व्हरे ते नाकारीत, त्या निरपराध सभासदांच्या नावे परतपत्रे जमत, आणि मृत पत्ते हुडकणारी व्यवस्था त्यांनाच यादीतून काढून टाकी. भारतात याहूचे पत्ते त्या वेळी घरोघर असल्याने येथील याद्यांनाही त्याची झळ लागली. उपाय म्हणून मेलमनसारख्या कार्यक्रमांना ‘फ्रॉम’ बदलून तेथे यादीचाच पत्ता लिहिण्याची सोय करावी लागली, म्हणजे १९८९ च्या नियमाने जे जसेच्या तसे ठेवावयास सांगितले होते तेच बदलावे लागले. मूळ सहीची हकीकत पत्राबरोबर पुढे नेणारी एआरसी ही पद्धत २०१९ च्या आरएफसी ८६१७ मध्ये प्रयोगादाखल मांडली गेली. खुद्द याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. आणि ‘फ्रॉम’ मध्ये यादीचा पत्ता येऊ लागल्यापासून, लिफाफा न पाहता ‘फ्रॉम’लाच उत्तर धाडणाऱ्या अडाणी यंत्रांची रजेची उत्तरे पुन्हा सरळ यादीवर येऊ लागली आहेत, त्यांना अडवण्याचे काम आज प्रामुख्याने ‘ऑटो-सबमिटेड’ या ओळीकडे आहे.